स्पिरिटची रेघ

१२ जून

चि. खारू,

तू आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. डोक्यावर केस उरले असतील-नसतील. तरी मला दुसरं नाव लिहवत नाही. कपाटाच्या माथ्यावर पॉलिश मारायला नाना तुलाच चढवायचे आणि तू खारीसारखा सरसर वर जायचास, तेव्हा पडलेलं हे नाव.

आधीच सांगते, काही मागायला लिहीत नाही आणि कुणी गेल्याचंही हे पत्र नाही. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, तेवढ्यावर माझी भिस्त.

कामाचं बोलते. तुला साखर आहे हे मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस, आणि त्यावरून बायकोवर डोळेही वटारू नकोस. तू तुझ्या यकृताची तपासणी करून घे. पोटावरून यंत्र फिरवतात ती, आणि बरगड्यांवर टिचक्या मारतात ती दुसरी. दोन्हीत दुखत नाही. तू म्हणशील, मी आयुष्यात थेंब घेतला नाही, माझ्या यकृताला काय धाड भरलीय! अरे, मीही घेतलेला नाही. तेच तर सांगायला बसले आहे.

गेल्या महिन्यात माझ्या रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाकडे आले. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मला ओढतच मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. मी म्हटलं, टॅक्सी कशाला, खिडकीतून दिसतं इतकं जवळ आहे, चालत जाऊ. तर म्हणाल्या, ‘काकू, वाचवलेलं बरोबर नेता येतं का, हे कुणाला तरी विचारून घ्या एकदा.’ जीभ फार धारदार बाईची, पण हात धरून जिने उतरवते.

तिथली डॉक्टरीण मला मुलगी असती तर तिच्या वयाची. कागदातून मान वर न करता तिने विचारलं, ‘रोज किती घेता?’

म्हटलं, ‘दोन कप. बिनसाखरेचा.’

तिने मान वर केली. ‘चहा नाही हो मावशी. दारू.’

शिक्षिकाबाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या बाकावरचे आजोबा दारातून डोकावले. मला मात्र हसू आलं नाही. मला नाना आठवले. त्यांनाही असंच विचारलं होतं. फक्त तेव्हा विचारणारा उत्तरासाठी थांबला नव्हता.

मग सिस्टरने रक्त काढायच्या आधी हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला. गार लागलं. आणि खारू, त्या वासासरशी आपलं दुकानच माझ्यासमोर उभं राहिलं. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकलेली दारं, पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळत ठेवलेल्या लाखेचा डबा आणि नानांची तपकिरी नखं. मी डोळे मिटले. सिस्टरला वाटलं, सुईला घाबरले.

तपासणी कर. झाली की दोन ओळी लिही. आशीर्वाद लिहीत नाही, तुला नको असतात. देवापुढे बसते तेव्हा देऊन टाकते.

ताई


४ जुलै

चि. खारू,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, पण टपालवाल्याची चाहूल लागली की उठते. गुडघ्यांना व्यायाम.

ते रक्त एका अभ्यासासाठीही घेतलं होतं. साखर असलेल्या पुष्कळ माणसांची रक्तं तिथे तपासतायत. दोन माणसं, साखर सारखी, वजन सारखं, खाणं सारखं. तरी एकाच्या यकृतात चरबी साचून ते कडक होत जातं आणि दुसऱ्याचं ठणठणीत राहतं, हे का, ते त्यांना शोधायचंय. माझं उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. मला समजलं तसं लिहिते.

अंगातलं प्रत्येक काम कसं करायचं हे आईबापांकडून आलेलं असतं, लिहून दिल्यासारखं. यकृतातली चरबी सोडवून बाहेर काढायची, हेही एक काम. काही माणसांत त्या लिखाणात एक अक्षर वेगळं असतं. मग चरबी तिथेच मुरते. अंगात साखर नसेल, वजन बेताचं असेल, तर पुष्कळदा निभावून जातं. साखर असली की दोघं मिळून यकृताला धरतात. प्रत्येक लिखाणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. माझ्या दोन्ही प्रतींत ते अक्षर चुकलेलं निघालं.

‘चुकलेलं नाही म्हणायचं मावशी, वेगळं,’ असं तिने मला दोनदा सांगितलं. बरं बाई, वेगळं.

मी मॅट्रिक असले तरी मला वजाबाकी येते. दोन्हीकडे आहे म्हणजे एक आईकडून आलं आणि एक नानांकडून. म्हणजे नानांच्या अंगात ते होतंच. मी तिला विचारलं, ‘माझे वडील पोट फुगून गेले. सगळे म्हणाले, प्यायचे. ते शेवटपर्यंत नाही म्हणत होते. मग आता ते पीत नव्हते हे ठरलं ना?’

ती म्हणाली, ‘नाही मावशी. तसं मला म्हणता येणार नाही. न पिताही असं होऊ शकतं, एवढंच मी म्हणेन.’

मला तिचं बोलणं आवडलं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून ती जास्तीचं माप घालत नाही.

तुला नानांची तहान आठवते का? दुकानात तांब्यावर तांब्या रिकामा करायचे. समोरचा कुलूपवाला डोळा मारून म्हणायचा, पिणाऱ्याला अशीच तहान लागते. पायाच्या जखमा भरायच्या नाहीत. डोळ्यांपुढे धूसर दिसायचं, म्हणून शेवटी शेवटी टेबलाची चमक हात फिरवून बघायचे. ही सगळी साखरेची लक्षणं, खारू. आज मला एकेक ओळखू येतं, कारण मी ती अंगावर वागवते. तेव्हा त्यांची साखर कुणी तपासलीच नाही. अंगाला स्पिरिटचा वास येणाऱ्या माणसाचं काय तपासायचं!

तुझं मला माहीत आहे. कुणी बाटली उघडली तर तू जेवणावरून उठून जातोस. नानांसारखं व्हायचं नाही म्हणून इतकी वर्षं जपलंस, चांगलंच केलंस. पण त्यामुळे आपण सुटलो असं तुला वाटत असणार, आणि मला धास्ती आहे ती त्याचीच. ज्या दाराला तू कुलूप घालून बसलायस, त्या दाराने आपल्याकडे काही आलंच नव्हतं कदाचित.

तुझ्या वाट्याला ते अक्षर दोन्हीकडून आलं असेल, एकीकडून आलं असेल, किंवा आलंही नसेल. आलेलं असलं तरी लवकर कळलं तर वजन, साखर, चालणं यांनी सावरता येतं असं ती म्हणते. उशिरा कळलं तर कठीण. म्हणून लिहिते.

टपालाचा खर्च मी वहीत औषधांच्या खात्यात टाकते. दुसरं खातं सापडलं नाही.

ताई


१९ जुलै

चि. खारू,

आज मी स्पिरिटची बाटली विकत आणली. हार्डवेअरवाल्याने विचारलं, ‘काकू, या वयात पॉलिश?’ म्हटलं, ‘तुमच्या काउंटरला कुणी शेवटचं कधी केलं होतं?’ त्यावर त्याने मुकाट्याने बाटली कागदात गुंडाळली.

कशाला आणली ते सांगते.

तो दिवस तू विसरला नसशील. नाना आजारी, दुकान कित्येक आठवडे बंद, किल्ली त्यांच्याच उशाखाली. घरात करमेना म्हणून अधूनमधून ते तिथे जाऊन नुसते बसायचे. तुला संशय होता. दुकान बंद करताना तू त्यांच्या नकळत स्पिरिटच्या बाटलीवर, लेबलावर, पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होतीस. त्या दिवशी नानांना बरोबर घेऊन दुकान उघडलंस आणि बाटली उजेडात धरलीस. स्पिरिट रेघेच्या बोटभर खाली.

मी नानांचा डबा घेऊन दारातच उभी होते. जेवणाच्या टेबलाचं विचारायला आलेलं गिऱ्हाईकही होतं. त्याच्यासमोर तू म्हणालास, ‘नाना, बघा. एक तरी काम झालंय का इथे? मग गेलं कुठे?’

नाना स्टुलावर बसले होते, पोटावर हात ठेवून. त्यांनी बाटलीकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘बूच बघ रे.’

तू म्हणालास, ‘आता बुचाशी बोलू मी?’ आणि गेलास. त्याच संध्याकाळी घरही सोडलंस. नाना गेल्याचं कळवलं तरी आला नाहीस.

त्या दिवसांत नाना असंबद्ध बोलायचे. मला वाटलं, हेही तसलंच काही. इतकी वर्षं मला ते तसंच वाटत होतं. आज ही नवी बाटली टेबलावर ठेवली, बूच हातात घेतलं, आणि नानांचं म्हणणं मला आज कळलं.

आपल्या दुकानातल्या बुचांना खाच असायची! बाटली तिरपी केली की पॉलिशच्या बोळ्यावर थेंब थेंब पडावा, धार लागू नये, म्हणून. चाकूने ती खाच पाडायचं काम नाना तुलाच द्यायचे, कारण तुझा हात हलका. खाचेच्या बुचाची बाटली तशीच ठेवली तर स्पिरिट उडून जातं. म्हणून काम संपलं की बूच बदलायचं, हे तूच मला शिकवलं होतंस. ती बाटली त्या तापलेल्या पत्र्याखाली किती आठवडे पडून होती, आणि तिला कुठलं बूच होतं? मला दिसतंय ते खाचेचं. तू डोळ्यांपुढे आण. तुला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणारच नाही. रागाच्या भरात माणूस स्वतःचाच हुन्नर विसरतो.

तर मी आज बुचाला खाच पाडली आहे. माझा हात तुझ्याइतका हलका नाही, जरा वेडीवाकडी झाली. लेबलावर रेघ मारली आणि बाटली खिडकीत ठेवली. घरात मी एकटी. मी पीत नाही. बघू या कोण पितं ते.

ताई


३० ऑगस्ट

चि. खारू,

माप अर्ध्या बोटाचं भरलं. बोटभर नाही. वाढवून सांगणार नाही. माझं घर सिमेंटचं, त्यात आभाळ बहुतेक दिवस भरलेलंच होतं. पत्र्याखाली किती गेलं असतं याचा हिशेब तू मांड.

शिक्षिकाबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘काकू, यावरून तुमच्या वडिलांनी घेतली नाही हे सिद्ध होत नाही.’ डॉक्टरीणही तेच म्हणते. सगळ्या शिकलेल्या बायका एका सुरात बोलतात! मी म्हटलं, मला कुठे कोर्टात जायचंय? एका माणसापुढे ठेवायचंय, बस.

तू तपासणी केलीस का? केली असशील तर एक कोरं पाकीटच पाठव. आत काही लिहू नकोस. मी समजेन.

माझं बरं आहे. मीठ बंद केलंय, त्यामुळे स्वयंपाक झटपट होतो. चपला एक माप मोठ्या घेतल्या, पाय संध्याकाळी जरा भरून येतात म्हणून. परवा घशातून नळी घालून आत बघितलं, तेही पार पडलं. तिथे ‘सोबत कोण?’ असं विचारतात, सोबत असल्याशिवाय आत घेत नाहीत. शिक्षिकाबाईंची शाळा होती, त्यांना काय सांगायचं! बाकावरच्या एका अनोळखी बाईला म्हटलं, घटकाभर माझी बहीण व्हाल का? झाली बिचारी. नळी निघाल्यावर मला शुद्ध येईपर्यंत हात धरून बसली होती. निघताना नाव विचारायचंच राहून गेलं.

देवाजवळ हल्ली माझ्यासाठी मागत नाही. एका वेळी एकच मागावं, म्हणजे त्याचाही गोंधळ होत नाही. तुझं मागते.

ताई


८ ऑक्टोबर

खारू,

आज थोडंच लिहिते. बोटांत पेन ठरत नाही.

मागच्या पत्रात माझं बरं आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं. माझं यकृत कडक होऊन आकसलंय. आता ते मऊ होणार नाही, आहे तेवढं सांभाळायचं. तुझ्या मनात दया यावी म्हणून हे लिहीत नाही. दयेने माणूस पत्र लिहितो, तपासणीला जात नाही. धाकाने जातो. म्हणून धाक घालते. मला चौदा वर्षं साखर आहे, आणि त्यातलं एकही वर्ष माझं यकृत दुखलं नाही. ते दुखतच नाही. नानाही म्हणायचे ना, मला काही होत नाही, नुसता थकवा आहे. तुझी बायकोही परवा तेच म्हणत होती, की हल्ली तू दुकानातून आलास की खुर्चीत बसल्या बसल्या झोपतोस.

मला न लिहिण्याचा तुझा हट्ट राहू दे. तो पाळून जा. इथे नको तर तुझ्या गावात जा. माझा नोंदणी क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. सख्ख्या भावंडाचं रक्त मिळालं तर अभ्यासालाही हवंच आहे म्हणाले. वडील प्यायचे का, हाही प्रश्न ते विचारतात. तुला वाटेल ते उत्तर दे. पण जा.

ताई


२१ नोव्हेंबर

चि. खारू,

तू आला होतास.

मी आज तारखेला गेले तर रक्त काढणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, ‘आजी, तुमचे भाऊ येऊन गेले की सोमवारी. हे तुम्हाला सांगितलं तर चालेल, असं स्वतःच म्हणाले. बाकीचं काही मी सांगणार नाही.’ तुझं काय निघालं ते मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई मात्र तेवढ्यात समोरून आल्या आणि म्हणाल्या, ‘बरं केलंत मावशी, पत्रं लिहिलीत ते.’ त्यांचा चेहरा मी वाचला. वाईट बातमी असली की त्या चष्मा काढतात. आज काढला नाही.

बाकीचं काही सांगणार नाही म्हणणाऱ्या सिस्टरनेच मग सगळं सांगितलं. तुझी नखं तपकिरी आहेत म्हणे. म्हणजे तूही पॉलिशच करतोस. इतकी वर्षं मी समजत होते, तुझं रंगांचं दुकान आहे, तू गल्ल्यावर बसतोस. तुझ्या बायकोनेही कधी सांगितलं नाही. तू बजावलं असशील.

सिस्टरने हातावर बोळा फिरवला तेव्हा तू म्हणालास, ‘जरा थांबा.’ तिला वाटलं, सुईला घाबरला. म्हणाली, ‘तुमच्या घरात सगळेच घाबरट का हो?’  तिने टाकायला म्हणून बोळा मागितला तर तो तुझ्या मुठीत होता, आणि रक्त काढून झालं तरी तू तो दिला नाहीस.

मग तिने तो प्रश्न विचारला. वडील प्यायचे का? म्हणते, तू मुठीतल्या बोळ्याकडे इतका वेळ बघत बसलास की तिने पुढचा प्रश्न काढला. तेव्हा म्हणालास, ‘ते ताईला विचारा. तिने मोजून बघितलंय.’

आज तिने मला विचारलं. मी सांगितलं, ‘नाही.’ तिने लिहून घेतलं. एवढंच झालं, खारू. एका शब्दाचं काम होतं.

रुग्णालयाच्या दारापासून माझं घर दिसतं. दुसऱ्या मजल्याची खिडकी, काठाला अजून ती बाटली आहे. सोमवारी दुपारभर मी त्या खिडकीत बसून होते, ऊन चांगलं होतं म्हणून. तू दारातून बाहेर पडला असशील, पिशवी सावरली असशील, बस कुठून मिळते ते कुणाला तरी विचारलं असशील. वर बघितलंस की नाही ते मला माहीत नाही. मी रस्त्याकडे बघत होते, पण मी केस असलेला माणूस शोधत बसले असेन.

रागावलेले नाही. तू तपासणीसाठी ये म्हणून लिहिलं होतं, घरी ये म्हणून लिहिलं नव्हतं. जे लिहिलं ते तू केलंस.

आता दुसरं लिहिते. बाटलीचं खाचेचं बूच मी काढून टाकलं आणि साधं घट्ट बसवलं. उरलेलं स्पिरिट वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही. नानांनी माझ्या लग्नात दिलेली खुर्ची आहे, तिची चमक पार गेलीय. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही, आणि हार्डवेअरवाल्याच्या ओळखीच्या कारागिराचा हात जड आहे, मी बघितलाय. लाख तुझी तू आण, इथली चांगली नसते.

मी दुपारी घरीच असते.

तुझी
ताई